विजेचा ब्रश आणि बाभळीची मूठ

बाबा,

आज सकाळच्या गाडीने तुमची नात यवतमाळच्या मुलींच्या वसतिगृहात राहायला गेली. तिची आई पोचवायला सोबत गेली आहे. मी उमरखेडच्या स्टँडवरून परत आलो, दार उघडलं आणि रिकाम्या घरात बसल्यावर आधी तुमची आठवण झाली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नागपूरला बी.एस्सी. करत होतो, आणि आता माझे कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत. ती चौदा वर्षांची आहे. दोन वर्षांची असताना ताप आला, तो गेला, पण जाताना तिच्या उजव्या हाताची बोटं मिटवून गेला. ती पुरती उघडत नाहीत. डाव्या हातात जोर नाही. मिटलेल्या मुठीत पेन्सिल खोचून ती लिहिते, आणि अक्षर माझ्यापेक्षा बरं काढते. अंघोळ, कपडे सगळं तिचं ती करते. फक्त दात घासणं तेवढं राहिलं होतं. बारीक काडीचा ब्रश त्या मुठीत फिरायचा, म्हणून रोज सकाळी तिची आई बोटाने राखुंडी लावून तिचे दात घासायची. अलीकडे ती त्या वेळी डोळे मिटून घेई. वसतिगृहाच्या बाईंनी तर स्पष्टच सांगितलं होतं की जिला स्वतःचं सगळं करता येतं तिलाच तिथं जागा मिळेल.

गेल्या हिवाळ्यात माझा मेहुणा विलायतेहून आला तो भाचीसाठी एक यंत्र घेऊन. विजेचा ब्रश. लाटण्याच्या मुठीएवढी जाड दांडी, तिच्या टोकाला ब्रश, बुडातून वायर. तिथली वीज आपल्यासारखीच, त्यामुळे भिंतीत प्लग खोचला की ब्रश आपोआप थरथरायला लागतो. जाड दांडी पोरीच्या मुठीत घट्ट बसली. घरात असा आनंद झाला की काय सांगू. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी शाळेत विज्ञान शिकवतो. ओल्या तोंडात, ओल्या हातात वीज द्यायची की नाही, हे मी सांगायचं होतं. वसतिगृहाच्या बाईंनीही कळवलं की असलं यंत्र इथं कोणी पाहिलेलं नाही, तुम्ही लेखी द्या, मग वापरू देऊ.

मी तपासायला बसलो. दांडीला टेस्टर लावला, दिवा लागला नाही. पाणी शिंपडून लावला, लागला नाही. लाकडी पाटावर उभा राहून स्वतःचे दात घासून पाहिले. हिरड्यांना गुदगुल्या झाल्या, बाकी काही नाही. रोज संध्याकाळी वहीत नोंद करायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शंका यायची. तुमची सून वैतागली. "अहो, तुमची तपासणी होईस्तोवर पोरीचे दात पडून बोळकं होईन," म्हणाली. "माझ्या भावानं काय जहर आणलं का?" पोरगी तिला म्हणाली, "राहू दे ना माय. बाबूजी चहातल्या साखरेलेही दोनदा ढवळते." मी हसलो, पण लागलं ते मनाला. भित्रा म्हणवून घ्यायला या वयात कोणाला आवडतं?

आणि त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर वर्गात, मुलांना तरफ शिकवताना तुम्ही आठवलात. कळंबच्या कापसाच्या जिनातला दिवस. तुम्ही फिटर होता, हंगाम सुरू व्हायचा होता, आणि मी कॉलेजच्या सुट्टीत आलो होतो. तुम्ही म्हणालात, तिसरा रेचा पाहून ये. मी पट्टा चढवला, सरकी काढणारा तो रेचा चालवला, आवाज ऐकला, येऊन सांगितलं, ठीक आहे. तुम्ही तेलाने काळे झालेले हात चिंधीला पुसत होता. वर न पाहताच विचारलंत, "कोनासाठी ठीक हाय?"

मला प्रश्नच कळला नाही. तुम्ही मला हाताला धरून रेच्यापाशी नेलंत. त्यावर कापूस लावायला बसणाऱ्या बाईला बोलावलंत, तिला रोजच्यासारखं बसायला सांगितलंत. ती बुटकी होती. कापूस लावायला वाकली की तिचा पदर सुटून रेच्याच्या फिरत्या रुळापासून चार बोटांवर लोंबायचा. "रिकामी मशीन सगळ्यायचीच चांगली रायते," तुम्ही म्हणालात. "कालेजात मशीन पाहाले शिकवते का? हे बाई पाह्य ना अबे! मशीन कायले पाहून राह्यला?" बायका हसल्या. एक जण म्हणाली, "जाऊ द्या ना फिटरभाऊ, पोरगं सायब होनार हाय, त्याले पदर कायले दाखवता?" माझे कान तापले. तुम्ही सुताराला हाक मारून तिच्या पुढ्यात फळी ठोकायला लावलीत, आणि ती ठोकून होईपर्यंत रेचा सुरू होऊ दिला नाहीत. मॅनेजर दोनदा येऊन ओरडून गेला.

तरफेच्या तासाच्या त्या दिवशी शाळेतून आलो आणि पोरीला म्हटलं, प्लग न लावता घासून दाखव. इतक्या दिवसांत मी हे सांगितलंच नव्हतं. तिने दांडी मुठीत धरली. तिचं कोपर वर उचलत नाही, म्हणून दांडी खाली उभी राहते आणि तोंड वरून येतं. म्हणजे तोंडातला सगळा फेस सरळ दांडीवरून तिच्या मुठीत उतरतो. मी घासताना दांडी आडवी धरली होती, माझा फेस खाली मोरीत पडत होता. आणखी एक गोष्ट दिसली. मला झटका बसला असता तर मी दांडी टाकली असती. तिला मूठ उघडताच येत नाही.

मी ब्रश खुर्चीच्या पायाला उभा बांधला, प्लग लावला, आणि मीठ घातलेला साबणाचा फेस वरून थेंब थेंब सोडला. ब्रश दांडीत जिथं शिरतो तिथं केसाएवढी फट आहे. दहा मिनिटं काही झालं नाही. मग दांडीच्या ओल्या बुडाला टेस्टर लावला आणि त्यातला तांबडा दिवा लागला. मंद होता, पण लागला. मी प्लग काढला आणि जमिनीवरच बसलो.

पोरीने सगळं पाहिलं होतं. "म्हंजे मी नाही जायाचं?" तिने विचारलं. तिच्या आईने तिला जवळ घेतलं. पोरगी म्हणाली, "बाबूजी, मले ते थरथरनं नाही पाहिजे. ते जाडं पाहिजे."

तुम्ही मला कॉलेजला जाताना दिलेली छोटी हातोडी आणि कानस अजून माझ्याकडे आहेत. तेव्हा मला वाटलं होतं, पुस्तकांच्या पेटीत हे कशाला. बाभळीच्या फांदीचा वीतभर तुकडा आणला, तिच्या मुठीच्या मापाने तासला, भोक पाडून साधा ब्रश त्यात बसवला, भोवतीची फट लाखेने बुजवली. तुम्ही सकाळी बाभळीचं दातून ठेचून मला द्यायचात, त्याआधी स्वतःच्या ओठांवरून फिरवून पाहायचात, कुठे टोचणारी फास तर नाही ना. मीही मूठ ओठांवरून फिरवली. दोन ठिकाणी लागली. पुन्हा घासली. पोरीने ती धरली आणि हात हलेना म्हणून डोकं हलवायला लागली, नाही नाही म्हटल्यासारखं. तिची आई हसून हसून बेजार. "कोनाले नाही म्हनतं गं?" पोरगी तोंडभर फेसातून म्हणाली, "मामाच्या मशीनले!" पंधरा दिवसांत ती आईपेक्षा स्वच्छ घासायला लागली. बाईंनी समोर उभं राहून पाहिलं आणि जागा दिली. मेहुण्याला मी खरं ते कळवलं आहे. त्याचं उत्तर यायचं आहे, राग आला असेल तर येवो.

आज गाडी सुटताना तिने खिडकीतून ती मूठ दाखवून मान हलवली. मी कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेतला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहितो. त्या तरफेच्या तासाच्या आदल्या रात्री, चहातल्या साखरेचं बोलणं ऐकल्यावर, मी वसतिगृहाच्या बाईंच्या नावे लिहून ठेवलं होतं: 'यंत्र तपासले. सुरक्षित आहे.' खाली सही आणि पदवी. सकाळी पोस्टात टाकायला निघालो, तर शाळेची घंटा झाली होती, म्हणून ते कोटाच्या खिशात राहिलं. शंका आली म्हणून मी थांबलो नव्हतो, बाबा. मला उशीर झाला होता. घरात हे कोणालाच माहीत नाही. तो कागद फाडलेला नाही, हे पत्र त्याच्याच घडीत ठेवतो.