पत्र्याचं बुजगावणं

प्रिय दारिना,

तू मला ओळखत नाहीस. पण दोन वर्षांची असताना जेवता जेवता तुझा डोळा लागायचा आणि चमचा तोंडातच राहायचा, हे मला ठाऊक आहे. तुझ्या बाबांनीच सांगितलं होतं, एक्केचाळीसच्या सप्टेंबरात, ओडेशाच्या ट्राम-कारखान्यात, माझ्या ट्रॅक्टरखाली उताणं पडून. ट्रॅक्टर तसा आमच्या सामुदायिक शेतीचा, पण चालवायची मी, म्हणून माझाच. माझं नाव उल्याना. आज आमच्या गावचे सगळे ट्रॅक्टर माझ्या हाताखाली आहेत आणि त्यातला कुठला कण्हतोय हे मी चहा पिता पिता अंगणातून सांगते.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. तीन बाजूंनी रुमानियन फौज, चौथीकडे समुद्र, आणि शहरात रणगाडे म्हणावेत असे जवळजवळ नाहीतच. म्हणून ट्रॅक्टर मागवले. मी माझा घेऊन गेले, तर कॅप्टन म्हणाला, "बाई, गाडी ठेवा आणि खंदक खणायला जा." मी म्हटलं, "ही गाडी दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही." "नवरा आहे का तुझा?" "नवऱ्यापेक्षा बरी. बोलावलं की येते." शेजारच्या ट्रॅक्टरखालून कुणीतरी मोठ्यांदा हसलं. ते तुझे बाबा. तेलाने काळे झालेले, भुवईवर ठिणगीने भाजल्याचा डाग. बाहेर येऊन कॅप्टनला म्हणाले, "साहेब, ही राहू दे. हिची जीभ पत्र्यापेक्षा जाड आहे, गोळी अडेल."

मी त्यांना ओनिसिमदादा म्हणायची. जहाजाचा पातळ पत्रा, मध्ये लाकडी फळ्या आणि रबर, वर पुन्हा पत्रा, असं चिलखत त्यांनी ट्रॅक्टरवर चढवलं. खरी तोफ मिळेना म्हणून एक नळ काळा रंगवून पुढे बसवला. लढायला आत दोन मशीनगन. सैनिक त्याला बुजगावणं म्हणायचे. कॅप्टनला भरवसा नव्हता. म्हणाला, "गोळ्या झाडून बघू. आत कोण बसतंय?" दादा म्हणाले, "मी बनवलंय, मी बसतो." मी म्हटलं, "गाडी माझी आहे, मीही बसते." बसलो. पातेल्यावर कुणी मूठमूठ वाटाणे फेकावेत तसा आवाज. "घाबरलीस, पोरी?" "नाही. तुम्ही?" "मी बायकोला लिहिलंय, हल्ली जरा पत्र्याचं काम मिळालंय." तुला नि तुझ्या आईला त्यांनी ऑगस्टातच जहाजाने पाठवून दिलं होतं. गोळ्या थांबल्या तेव्हा आम्ही दोघं हसून हसून रडत होतो. एकही गोळी आत आली नव्हती.

पहिल्यांदा निघालो ती एक सकाळ होती. काय तो खडखडाट! भोंगा चालू, नळ रोखलेला, आणि समोरचे सैनिक खंदक सोडून पळत सुटले. परतताना त्यांचीच एक तोफ मागे बांधून आणली. शहरात पाणी मोजून मिळायचं, तरी एक आजी आपल्या वाट्याची कळशी घेऊन आली आणि म्हणाली, "आधी हिला पाजा." दादांनी ते पाणी थेंबही न सांडता रेडिएटरमध्ये ओतलं.

आता पुढचं. महिनाअखेरची दुपार, वाळलेल्या मक्याचं शेत. तुझे बाबा कारागीर. त्यांनी यायची गरजच नव्हती. पण पत्रा कुठे सुटतो ते बघायला ते प्रत्येक वेळी आत चढायचे. बाजूला तोफगोळा फुटला. मशीनगनवरची दोन्ही पोरं जखमी झाली आणि इंजिन बंद पडलं. ते सुरू करायला हँडल मारायचं तर बाहेर, पुढच्या अंगाला. मी दाराची कडी काढली, तर दादांनी मनगट धरलं. "तू गेलीस तर गाडी कोण नेणार? मला चालवता येत नाही. हँडल मारता येतं, तूच शिकवलंयस." आणि ते उतरले. पत्र्यावर दोन ठोके म्हणजे निघ, हा आमचा रोजचा इशारा होता.

पहिलं हँडल फुकट गेलं. दुसरंही. तिसऱ्याला इंजिन धडधडलं आणि त्याच क्षणी ते वाकले. फटीतून मला दिसलं: पोट धरून, गुडघ्यांवर सरकत ते गाडीच्या वाटेतून बाजूला झाले. मग दोन ठोके आले. मी थांबले. पुन्हा दोन ठोके आले, आधीपेक्षा जोरात. मी गाडी हलवली.

संध्याकाळपर्यंत ते शेत शत्रूच्या हाती गेलं. दादांचं काय झालं ते मी लेखी सांगितलं होतं, पण ऑक्टोबरात शहर सोडताना कार्यालयातले कागद जाळले, त्यात तेही गेलं असणार. मला वाटलं, तुमच्या घरी कळलं असेल. खरं सांगू? वाटलं नाही, वाटून घेतलं. सतरा वर्षांत तुला शोधू शकले असते. शोधलं नाही.

मागच्या महिन्यात वर्तमानपत्रात तुझ्या मावशीची विचारणा वाचली. ओनिसिमची नोंद अजून 'बेपत्ता' अशीच आहे, आणि तो शत्रूला जाऊन मिळाला असं लोक तुझ्या तोंडावर बोलतात. दुसऱ्याच दिवशी मी जिल्ह्याच्या सैनिकी कार्यालयात गेले. मग मशीनगनवरच्या त्या दोन पोरांतल्या एकाला शोधून काढलं आणि त्याला घेऊन पुन्हा गेले. दोघंही जगली, याला आता तीन मुलं आहेत. येत्या आठवड्यात तुला कागद मिळेल. त्यात 'बेपत्ता' जाऊन 'लढाईत मृत्यू' असेल, आणि खाली माझी साक्ष: 'ते जखमी, पण जिवंत असताना मी त्यांना तिथे सोडून गाडी नेली.' अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, "बाई, 'जिवंत' गाळू का? काही अडत नाही." मी म्हटलं, राहू द्या. तो शब्द तू सरकारी कागदावर वाचण्याआधी माझ्याकडून ऐकावास, एवढ्यासाठी हे पत्र. मी माफी मागत नाही. पुन्हा तीच वेळ आली तरी गाडी नेईन. पण तुला माझ्यावर ओरडायचं असेल तर तो तुझा हक्क आहे, आणि ते पत्रातून नीट होत नाही. तू ये. बस आमच्या फाट्यावर थांबते, तिथे मी उभी असेन. ते शेत फाट्यापासून जवळच आहे, तिथे आता गहू आहे. जागा मला नेमकी माहीत आहे, आपण दोघी चालत जाऊ.

वाट पाहणारी, आणि तू काहीही म्हणालीस तरी तुझीच,
उल्याना