बाजेवरचं सेल्फ-केअर

६ जानेवारी, सोमवार
पोरगी झाल्यापासून घरात कोणाची धड झोप नाही. सासूबाईंचा पाय मोडल्यामुळे बाळंतपण बायकोच्या माहेरी, रावेरला न होता इथेच, आमच्या लोधीपुऱ्यात. मोबाईलवर वाचलं: आई-बापांनी आधी स्वतःची काळजी घ्यावी. एकदम पटलं. अमृता बाळंतीण, म्हणून सुरुवात मी करतो. सकाळी ताप्तीपर्यंत वॉक, प्राणायाम, चहा बंद. शिवाय दुपारी बाळ मी घेणार, अमृता निवांत झोपणार. तसा शब्द दिला. ती हसली. बहुतेक आनंदाने.

७ जानेवारी
वॉक नाही. थंडी. चहा घेतला, पाहुण्यांना कंपनी म्हणून. दुपारी बाळ घेतलं, ते रडलं. अमृताला उठवून विचारलं, हे रडणं भुकेचं की पोटदुखीचं? भुकेचं, म्हणाली. शंका विचारलेली बरी.

९ जानेवारी
आजही तिची झोप झाली नाही. लंगोट कुठे आहेत, एवढंच विचारायला उठवलं होतं. डोळे लाल दिसतात तिचे. सेल्फ-केअरचा लेख फॉरवर्ड केला, तिने उघडलाही नाही. लोक स्वतःकडे लक्षच देत नाहीत.

११ जानेवारी, शनिवार
माझी कंबर गेली. मालिशवाल्या निर्मलाबाई अमृताच्या शेकाची तयारी करून गेल्या होत्या. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा. अमृता बाळाला पाजत होती, तोवर बाजेवर जरा टेकलो. कानाला वारं नको म्हणून तिचा स्कार्फ बांधला. जाग आली तर इतवाऱ्यात राहणाऱ्या मंगलाकाकू झबलं-टोपडं घेऊन समोर. बाळंतीण नेमकी कोण, असं त्यांनी आईला विचारलं. आई स्वयंपाकघरात निघून गेली. निखारे विझले होते, अमृताचा शेक राहिला. कंबरेला मात्र फरक आहे.

१३ जानेवारी
आज अमृता बाळाला छातीशी धरून रडली, आवाज न करता. तिच्यासाठी पाणी आणलं आणि मीच पिऊन टाकलं. फार वाईट वाटलं, खरंच. म्हणून रजा वाढवायचं ठरवलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "नको. तुम्ही ऑफिसला चालले जा ना. मला थोडे दिवस एकच बाळ सांभाळू द्या."
थकव्यात माणूस काहीही बोलतो. तरी अर्ज केला नाही.

१५ जानेवारी, बुधवार
ऑफिस जॉइन केलं. कामात मन लागेना. दुपारी घरी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. आई भजनाला गेलेली. नाही नाही ते मनात आलं. स्कूटर काढून घर गाठलं. दाराला आतून कडी. बेल दाबत राहिलो, दार ठोठावलं, हाका मारल्या. मग आतून बाळाचं रडणं आलं.
अमृताने दार उघडलं. गालावर उशीचे वळ. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोघी गाढ झोपल्या होत्या. तू झोप, बाळ मी घेतो, असं म्हणालो. तिने मला बाहेरच ठेवून दार लावून घेतलं.
पायरीवर बसून लिहितोय. बाळ अजून रडतंय. बेल दाबावी की नाही, ठरत नाही.