आठ दिवसांची दुरुस्ती

अहो घरधनी,

आठ दिवसांत तळ दुरुस्त होईल म्हणालात आणि मला जमिनीवर टेकू लावलेल्या शिडाच्या होडीत ठेवून गेलात, त्याला चार महिने झाले. पाण्याची बादली घेऊन रोज शिडी चढते. परवा पडले, तर सुतार म्हणाला, "मावशी, समुद्रात तरलात आणि जमिनीवर मरताय होय!" तळ केव्हाच झालाय, पण होडी फार दिवस कोरडी राहिली की फळ्या आकसून फटी पडतात. तरी तुमच्यासाठी थांबले, हा माझाच मूर्खपणा. कुणाकडे राहता ते कळलंय; त्यावर लिहीत नाही. आधीची दोन पत्रं गादीखालीच राहिली.

सोमवारी होडी पाण्यात उतरवतेय. शीड सांभाळायला मला येतं. येताय की नाही, रविवारपर्यंत कळवा.

तुमची, अजून तरी,
बायको