एकात तीन

वेल्हे,
१० ऑक्टोबर २००४

प्रिय अन्वरी,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं गौरी-गणपतीच्या गडबडीत राहून गेलं असं म्हणता येईल, पण दुसरं येऊनही बारा दिवस झाले आणि घरात कसलीच गडबड नव्हती. तू एवढंच विचारलंस, की माझी अश्विनी तोंडाला लावायची त्या औषधाचं नाव काय. तुझ्या सदफसाठी हवंय, ईद झाली की साताऱ्याचे पाहुणे तिला बघायला येणार. शेवटी तू माझे आभार मानलेस. एका ओळीचं उत्तर होतं, ते दिलं नाही. आज देते, पण एका ओळीत मावणार नाही.

बारावीच्या वर्षी अश्विनीचं तोंड कसं झालं होतं ते तू पाहिलंच होतंस. हनुवटीपासून कानापर्यंत पुटकुळ्या, हात लावला तरी ठणकायच्या. एसटीतली पोरं तिला फणस म्हणायची. ती मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसायची, आणि वेल्ह्यापासून नसरापूरपर्यंत तशीच जायची. कडुनिंब झाला, हळद झाली, मसुराचं पीठ झालं. मेंगाईला साकडं घातलं. मग मी नसरापूरच्या एका औषधाच्या दुकानात गेले. डॉक्टरची चिठ्ठी नव्हती आणि त्यानं मागितलीही नाही. त्यानं एक जेल दिलं, म्हणाला, रात्री तोंड धुऊन कोरडं झाल्यावर वाटाण्याएवढं लावायचं. पोरीला घाई. तिनं सकाळ-संध्याकाळ जाड लेप दिला आणि वर भाताच्या खाचरात दिवसभर उन्हात उभी राहिली. पंधरा दिवसांत कातडी सुटायला लागली, आग आग झाली. आम्ही म्हटलं, औषध वाईट.

मी परत दुकानात गेले. त्यानं दुसरी ट्यूब काढली. म्हणाला, ताई, ही न्या, ही सोसंल तिला.

आता माझा शहाणपणा ऐक. तुला माहीतच आहे, मॅट्रिकला आपण एका बाकावर होतो आणि तू मला मास्तरीणबाई म्हणायचीस. घरात येणारी प्रत्येक वस्तू वहीत लिहायची माझी खोड. मी दोन्ही ट्यूबा पुढ्यात घेतल्या आणि बारीक अक्षरं भिंगातून वाचून डाव्या पानावर एक, उजव्या पानावर एक, असं उतरवलं. डावीकडे एकच नाव आलं, अडापेलीन, ०.१ टक्का. उजवीकडे तीन आली. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्का. दुकानदारानं सांगितलं होतं की अडापेलीन आणि ट्रेटिनॉइन एकाच भावकीतली, दोन्ही पुटकुळ्यांवरचीच. मी आकडे ताडले. ट्रेटिनॉइन चौथाई आहे, म्हणजे सौम्य असणार. शिवाय वर दोन औषधं जास्तीची. हे तेव्हा ओसरीवर खताची गोणी उसवत होते. मी वाचून दाखवलं तर म्हणाले, "युरियाच्या गोणीत एकच असतं, मिश्र खताच्या गोणीत तीन. पीक कशावर डोलतं, तूच सांग." मला पटलं. एकात तीन मिळत असताना एकट्या औषधाला कोण हात लावील? मोमेटासोन म्हणजे काय, ते कशाला घातलंय, हे विचारायला मी पुन्हा नसरापूरला गेले नाही.

आणि अन्वरी, ते लागू पडलं गं. आठ दिवसांत आग थांबली, पुटकुळ्या बसल्या, महिन्यात तोंड उजळलं. मी मेंगाईची खणानारळानं ओटी भरली. जानेवारीत कापूरहोळला ह्यांच्या चुलतभावाकडे बघण्याचा कार्यक्रम झाला. मुलाची आई, वरव्याची साळूबाई, अश्विनीच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "पोर दुधात धुतल्यावानी हाय." मे महिन्यात लग्न झालं. तू आली होतीस, तूही तिचा गाल कुरवाळलास. त्याच रात्री तिच्या पेटीत साड्यांच्या तळाशी मी चार ट्यूबा ठेवल्या आणि सांगितलं, रोज लावत जा, खंड पाडू नको.

तिनं खंड पाडला नाही. एकदा ट्यूब संपली आणि चार दिवस लावलं गेलं नाही, तर तोंड आधीपेक्षा दुप्पट पेटलं. परत लावलं की शांत. मग लपूनछपून लावणं आलं, न्हाणीत, गोठ्यात. सव्वा वर्षानंतर लावूनही शांत होईना. गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली, आतल्या तांबड्या शिरा दिसायला लागल्या. गालांवर लव आली. चुलीपुढे बसली की रडायची, उन्हात गेली की रडायची. साळूबाई चारचौघींत म्हणाली, "बगितली ती येगळी आन् आली ती येगळी. आमाला तोंडावर रंग लावून दिली." नागपंचमीला ती माहेरी आली, त्यानंतर तिला न्यायला कोणी आलं नाही.

तिला पुण्याला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. मी माझी वही बरोबर नेली होती. त्यांनी उजव्या पानावरच्या तिसऱ्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे कुणी लिहून दिलं? मी म्हटलं, कुणी नाही. ते म्हणाले, हे स्टिरॉइड आहे. आग थांबली, लाली गेली ती ह्याच्यामुळं, पण पुटकुळ्यांवर हे देत नाहीत आणि तोंडावर महिनोन् महिने तर नाहीच. पहिलं रंग उजळायचं. तेही असं वर्षभर लावायचं नसतं. डावीकडचं औषध बरोबर होतं. ते थोडं लावून, उन्हापासून जपून धीर धरला असता तर सोलणं काही आठवड्यांत कमी झालं असतं. मी चौथाईचं विचारलं. तेव्हा ते हसले नाहीत, एवढे त्यांचे उपकार. म्हणाले, बाई, दोन निराळ्या औषधांचे आकडे असे शेजारी मांडून मोजत नाहीत. शिरा जातील का विचारलं, तर म्हणाले, काही राहतील.

आता ती मागच्या खोलीत असते. आरशात बघत नाही, केस चाचपडून विंचरते. गावात मी सांगितलंय की डी.एड.ची तयारी करायला आलीय. देवापुढे बसते तेव्हाही तेच सांगते, इतकी सवय झाली. घरात त्या ट्यूबा दोन उरल्या होत्या, सील न फोडलेल्या. मला वस्तू फेकवत नाही, तुला ठाऊक आहे.

त्या दोन ट्यूबा कुठं गेल्या ते लिहायला एवढी पानं लागली. श्रावणात तू भोरच्या बाजारात भेटलीस, सदफच्या तोंडाचं सांगितलंस, म्हणालीस, तुझ्या अश्विनीसारखं व्हावं बघ. पुढच्या बाजाराला मी तुला पांढरी डबी दिली, घरचं औषध म्हणून. ते घरचं नव्हतं. दोन्ही ट्यूबा मी त्या डबीत पिळल्या, कारण ट्यूबवर नाव होतं, आणि नाव फुटलं की वरव्याचं सगळं भोरपर्यंत आलं असतं. पुण्याच्या डॉक्टरांकडे जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. मला सगळं माहीत होतं, अन्वरी. नाही म्हणाले असते तर तू 'का' असं विचारलं असतंस. म्हणून दिलं. परवा अश्विनीला तुझं पत्र सापडलं. ती माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, तू लिवतीस का मी लिवू?" आणि मी लिहायला बसले तेव्हा म्हणाली, "पोस्टात टाकू नगं. नुसत्या कागदावर सदफचा इश्वास बसायचा न्हाई. म्या जाते." डबीतलं आता आणखी लावू देऊ नकोस. तोंड पेटेल, तेव्हा घाबरून पुन्हा डबीला हात लावू नका, त्याच दिवशी सदफच्या अब्बांना, शब्बीरभाईंना सांगून तिला पुण्याला न्या. डॉक्टरांचा पत्ता वहीच्या पानामागं आहे, ते पान फाडून सोबत दिलंय. दीड-दोन महिन्यांत लक्षात आलं तर पुष्कळ सावरतं, असं ते म्हणाले होते. साताऱ्याच्या पाहुण्यांना थांबव, हवं तर माझं नाव सांग. हे तू वाचत असशील तेव्हा अश्विनी तुझ्या दारात उभी असेल. दोन एसटी बदलून, तोंडाला ओढणी बांधून आली असेल. आधी तिला पाणी दे. मग सदफला तिच्यासमोर उजेडात बसव. ओढणी ती आपण होऊन सोडणार आहे.

क्षमा मागायला तोंड नसलेली,
तुझीच
सगुणा