घोसाळ्याच्या वेलाचे डिझाइन ‘अभेद्य’मधून सोडवण्याबाबत

प्रति,
मा. संगणक सुरक्षा समन्वयक,
वस्त्र डिझाइन सामायिक सुविधा केंद्र,
चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर.

अर्जदार : १) शाइस्ता हुसेनसाब नदाफ, वय ४३, धंदा टायपिंग व झेरॉक्स.
२) हुसेनसाब नदाफ, वय ७६, धंदा चादरीची डिझाइन काढणे.
दोघे रा. शुक्रवार पेठ, सोलापूर.

विषय : केंद्राच्या मालकीच्या जुन्या संगणकातून ‘अभेद्य’ हे सुरक्षा सॉफ्टवेअर काढून टाकणे, अथवा संगणकाचे सील तोडण्यास लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आमचे यापूर्वीचे सहा अर्ज. २) आपले एकमेव उत्तर, ‘कार्यवाही चालू आहे’. ३) आपण दिलेले प्रशस्तिपत्र, ज्याचा उल्लेख पुढे नाइलाजाने करावा लागणार आहे.

महोदय,

१. लोकांचे अर्ज टाइप करून देणे हा माझा धंदा आहे. त्यामुळे अर्जात काय लिहावे आणि काय गिळावे हे मला चांगले ठाऊक आहे. मागच्या सहा अर्जांत मी पुष्कळ गिळले. ‘आपल्या व्यस्त वेळातून’ असेही लिहिले. या अर्जात तसे काही सापडणार नाही. आपल्या कारभाराची मला किळस आली आहे, आणि हे पहिल्याच परिच्छेदात नोंदवते, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचे नाही त्यांचा वेळ वाचेल. तरी आपण वाचावे.

२. माझे वडील हुसेनसाब पंचावन्न वर्षे चादरीची डिझाइन काढत आले आहेत. आपण संगणकाचे अधिकारी असल्याने हे काम थोडक्यात सांगते. बारीक चौकटींच्या कागदावर नक्षी भरायची, त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडायची, आणि ती कार्डे माळेसारखी ओवून मागाच्या डोक्यावरच्या जकार्डला लावायची. भोक असेल तिथे सूत उचलले जाते, नसेल तिथे राहते, आणि चादर निघते. भोके पाडायचे यंत्र आणि त्याला जोडलेला संगणक आपल्या केंद्राने २०१० साली वडिलांना वापरायला दिला. मालकी केंद्राची, वापर आमचा, जागा शेजारच्या शरणप्पा बिराजदार यांच्या मागाच्या कारखान्यातली. यंत्राची केबल जुन्या रुंद जातीची आहे. ती नव्या संगणकाला बसत नाही. म्हणून हा म्हातारा संगणक आम्हाला हवा आहे. हौस म्हणून आम्ही तो सांभाळत नाही.

३. वडिलांना दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षी स्पष्ट सांगितले, ‘चाचा, आहे तितकी वापरून घ्या.’ वडिलांनी ते ऐकून एक शेवटचे डिझाइन करायला घेतले. माझी आई जुलेखा कारखान्याच्या पत्र्यावर घोसाळ्याचा वेल चढवायची, तो वेल. ती जाऊन सहा वर्षे झाली, वेल तिच्या मागोमाग वाळला. वडिलांनी आयुष्यभर सात-सात रंगांत काम केले, पण ही चादर त्यांनी फक्त काळ्या-पांढऱ्यात धरली, कारण आता त्यांना एवढेच वेगळे दिसते. कागदावरच्या चौकटी दिसेनाशा झाल्या होत्या, म्हणून पहिल्यांदाच त्यांनी कागद वापरला नाही. संगणकावर एकेक चौकट नखाएवढी मोठी करून, पडद्याला नाक लावून, आठ महिने तो वेल भरला. त्यामुळे ते डिझाइन जगात एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण आपल्या सीलमध्ये आहे. ही चादर मागावरून उतरलेली त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायची आहे. आमची मागणी इतकीच आहे.

४. गेल्या मार्चमध्ये आपल्या केंद्राने फर्मान काढले की, दिलेल्या प्रत्येक संगणकात ‘अभेद्य’ असलेच पाहिजे. आपला माणूस आला, ‘अभेद्य’ घातले, पेटीवर लाखेचे सील लावले आणि ‘सील तोडणार नाही, सॉफ्टवेअर काढणार नाही’ असे वडिलांकडून लिहून घेतले. ‘अभेद्य’च्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापले आहे की किमान चार जीबी रॅम हवी. आमच्या संगणकात एक आहे. मी ते पान आपल्या माणसाला दाखवले. तो म्हणाला, ‘मॅडम, पुस्तिका कोण वाचतंय?’

५. त्या दिवसापासून संगणक सुरू केला की पडद्यावर निळी ढाल येते. खाली ‘आपला संगणक सुरक्षित केला जात आहे, कृपया थांबा’ असे लिहून येते, आकडा अडतीस टक्क्यांपर्यंत जातो आणि सगळे थिजते. बाण हलत नाही, कळफलकाचा दिवा लागत नाही. पंखा तेवढा फिरत राहतो. कुंपणानेच शेत खाल्ल्याचे ऐकले होते, पण या कुंपणाने शेतकऱ्यालाही आत येऊ दिले नाही. पहिल्या दिवशी अकराव्या वेळेला संगणक कसाबसा सुरू झाला. का झाला ते मला कळले नाही, आपल्यालाही कळणार नाही. मग आम्ही तो बंदच केला नाही. मार्चपासून सप्टेंबर संपेपर्यंत तो अखंड चालू होता. वीज गेली तर म्हणून शरणप्पांनी इन्व्हर्टर जोडून दिला होता. वर मी स्वतः टाइप केलेली पाटी होती, ‘हा संगणक कोणीही, कोणत्याही कारणाने बंद करू नये.’ वडील रोज तिथे बसत, वेल पुढे सरकत होता. डिझाइन पुरे झाले आणि कार्डांना भोके पाडणे सुरू झाले. अकराशे चाळीस कार्डांपैकी दोनशे बारा झाली.

६. आणि खंडेनवमी आली. आपण चिंचोळीत राहता, तिथेही ती होत असेल. त्या दिवशी माग थांबतात. माग, कात्री, तराजू, नटबोल्टचे पाने, सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लागते, झेंडूच्या माळा पडतात. शरणप्पांच्या कारखान्यातली झेंडूची टोपली दरवर्षी माझे वडील आणतात, गेली चाळीस वर्षे. दोघा म्हाताऱ्यांनी सगळे माग सजवले आणि शेवटी संगणकापाशी आले. शरणप्पा म्हणाले, ‘हुसेनभाई, चालू मशिनीला कुंकू लावत न्हाईत की.’ पाटी समोर होती. दोघांनाही ती तोंडपाठ होती. पण सात महिने अहोरात्र राबलेल्या हत्याराला एक दिवसही विसावा नाही, हे दोघांच्याही मनाला पटेना. वडील म्हणाले, ‘हव, एक दिन का आराम उसका भी हक है.’ आणि बटण वडिलांनी स्वतःच्या हाताने दाबले. मग त्याला कुंकू लावले, माळ घातली, पेढा ठेवला.

७. यात चूक कोणाची, हे मी तीन महिने ठरवू पाहते आहे. त्या दोघांना दोष देता येत नाही. ज्या यंत्राला विश्रांती दिली की ते मरते, ते यंत्र आमच्या दारात ज्याने ठेवले, त्यालाच तो द्यावा लागतो. सात महिन्यांत ‘अभेद्य’ने स्वतःच्या नव्या आवृत्त्या उतरवून ठेवल्या होत्या, ‘संगणक पुन्हा सुरू केल्यावर लागू होईल’ असे म्हणत. त्या सगळ्या दसऱ्याच्या सकाळी एकदम लागू झाल्या. आता आकडा अडतीसपर्यंतही जात नाही. चारवर थिजतो.

८. यानंतर आपल्या केंद्राने जे जे केले ते क्रमाने लिहिते, म्हणजे कोणी ‘आमच्या निदर्शनास आणून दिले नव्हते’ असे म्हणू नये.

मदतवाहिनीवरून सांगण्यात आले की तक्रार ज्या संगणकाची आहे त्याच संगणकावरून, ‘अभेद्य’ उघडून, तक्रारीच्या खिडकीत नोंदवावी. मी म्हणाले, तो सुरूच होत नाही, हीच तक्रार आहे. उत्तर मिळाले, मग सुरू झाल्यावर नोंदवा.

नंतर पडद्याचे चित्र मागितले. मी मोबाइलवर फोटो काढून पाठवला. तो नामंजूर झाला, कारण चित्र संगणकाने स्वतः काढलेले हवे.

मग सेफ मोडमध्ये सुरू करा म्हणाले. केला. तो सुरू झाला. मी आनंदाने वडिलांना हाक मारली, ते भिंत चाचपत आले. पण सेफ मोडमध्ये भोके पाडायचे यंत्र ओळखलेच जात नाही, पेन ड्राइव्ह लावला तर ‘बाहेरील धोकादायक वस्तू’ म्हणून ‘अभेद्य’ तो अडवते, आणि ‘अभेद्य’ काढायला गेले तर पासवर्ड विचारते. पासवर्ड कुठे मिळेल विचारले तर कळले, की तो ‘अभेद्य’च्या मुख्य पडद्यावर दिसतो, पूर्ण सुरू झाल्यानंतर. वडील पुन्हा भिंत चाचपत जागेवर जाऊन बसले. तुमच्या त्या खेळाची मला त्या क्षणी जी शिसारी आली ती कागदावर उतरत नाही.

९. नोव्हेंबरमध्ये आपले तंत्रज्ञ मंजुनाथ आले. माणूस वाईट नाही. शरणप्पांकडचा चहा त्यांनी घेतला, वडिलांशी कानडीत दोन शब्द बोलले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘अक्का, खरं सांगू का? पासवर्ड माझ्याकडं न्हाय. सायबाकडं बी नसंल. आन् सील मी तोडलं तर माझी नोकरी जाती.’ त्यांचा लेखी अहवाल मात्र आपल्याकडे असा आला : ‘भेटीच्या वेळी संगणक बंद अवस्थेत आढळला. त्यामुळे तपासणी करता आली नाही. पेटीवर हळद, कुंकू व फुलांचे अवशेष आढळले.’ त्यावर आपण काय करावे? आपण आम्हाला नोटीस पाठवली, केंद्राच्या मालमत्तेस परकीय पदार्थ का लावला म्हणून. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. खुलासा मी दिला आहे. कुंकू परकीय नाही, शेजारच्याच दुकानातले आहे.

१०. आता प्रशस्तिपत्र. डिसेंबरमध्ये आपला कागद आला की ऑक्टोबरपासूनच्या तिमाहीत ज्या संगणकावर एकही धोका आढळला नाही, असा संपूर्ण जिल्ह्यातला सर्वांत सुरक्षित संगणक आमचा ठरला आहे. न सुरू होणाऱ्या संगणकाला विषाणू कुठून लागणार? कबरीतल्या माणसालाही सर्दी होत नाही. आपण वडिलांना सत्काराला बोलावले. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, ‘बुलाए हैं तो जाना, बेटा. वहां साहब भेटते, बोल लेंगे.’ त्यांनी नवा पायजमा घातला. मंचावर आपण शाल घातलीत, नारळ दिलात आणि ‘सजग वापरकर्ता’ म्हणून पाच मिनिटे बोललात. वडिलांनी माइकजवळ जाऊन आपल्याला म्हटले, ‘साहब, मेरा डिझाइन अंदर अटका है.’ आपल्याला आठवत असेल. आपण हसलात, त्यांच्या पाठीवर थाप मारलीत आणि छायाचित्रासाठी समोर बघा म्हणालात. त्यांना समोर कुठे आहे तेही नीट कळत नव्हते. शाल मी परत पाठवत आहे.

११. आमच्या पेठेत बसवेश नावाचा संगणक दुरुस्त करणारा आहे. तो म्हणतो, ‘ताई, धा मिनिटाचं काम हाय. पेटी उघडतो, डिस्क काढतो, डिझाइन दुसऱ्या डिस्कवर घेतो, जुन्या संगणकात आधीचं सगळं टाकून देतो. सील तेवढं तोडू द्या की.’ तो तीनदा पेचकस घेऊन येऊन गेला आहे. तीनही वेळा वडिलांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. ‘लिखके दिये ना बेटा. लिखके दिया सो मुकरना नै.’ मी भांडले, रडले, एकदा पेचकस हिसकावून घेतला. ते पेटीवर हात ठेवून बसून राहिले. तुमच्या कार्यालयात स्वतःच्या लिहून दिलेल्या शब्दाला इतका मान देणारा एकही माणूस नसेल, आणि त्या शब्दाचाच तुम्ही फास केला आहे. म्हणून, केवळ म्हणून, हा सातवा अर्ज. तुमच्या परवानगीची गरज मला नाही, त्यांना आहे.

१२. शरणप्पांनी ऑक्टोबरपासून एक माग रिकामा ठेवला आहे. त्यावर काळे-पांढरे सूत चढवून तयार आहे. त्यावर धूळ बसते म्हणून त्यांच्या पत्नी अक्कम्मा रोज सकाळी ते झटकतात. उरलेली कार्डे पाडायला आठवडा लागेल, विणायला दोन दिवस. वडिलांना आता खिडकी कुठे आहे आणि भिंत कुठे आहे, एवढे कळते. काळे आणि पांढरे अजून निराळे दिसत असेल, ही आशा आहे. महिनाभराने ती राहील असे डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत.

सबब, एकच ओळ हवी आहे : ‘सील तोडण्यास हरकत नाही.’ खाली सही आणि शिक्का. चौकशी, समिती, भेट, सत्कार यांपैकी काहीही नको. ओळ माझ्याच दुकानात टाइप करून ठेवली आहे, सोबत जोडली आहे. आपण फक्त सही करायची आहे. तेवढे आपल्याला दिसत असेल असे धरून चालते.

नम्रपणाचा साठा संपल्याने नुसतीच आपली,

(सही) शाइस्ता हुसेनसाब नदाफ
(डाव्या हाताचा अंगठा) हुसेनसाब नदाफ

सोलापूर, दि. १२ जानेवारी २०२६

सोबत : १) सहीसाठी तयार परवानगीची ओळ, दोन प्रती. २) सहा अर्जांच्या पोचपावत्या. ३) डॉक्टरांचा दाखला. ४) शाल.

टीप : मागच्या सहाही अर्जांवर वडिलांची सही आहे. ती आपल्या दप्तरात काढून पाहावी. मराठीत, शेवटच्या अक्षराला वेलासारखी शेपटी काढलेली, पंचावन्न वर्षांत न बदललेली. याही अर्जावर ते सहीच करणार होते. मी पेन हातात दिले आणि त्यांचे बोट ओळीवर नेऊन ठेवले. त्यांनी कागद दोन-तीनदा चाचपला, विचारले, ‘सीधी बाजू कौनसी?’ आणि मी सांगायच्या आत पेन खाली ठेवून अंगठा पुढे केला. तेव्हा अंगठा पाहून अर्जदार निरक्षर असल्याची नोंद कृपया घेऊ नये.