ओरवालचे सहा सीझन

लेस्टर, ४ मे २०२५

ती. उल्कामावशी, सा.न.
(आई म्हणते 'शि.सा.न.' लिही, पण शिरापासून साष्टांग घालायला माझ्या खोलीत जागा नाहीये.)

वि.वि. तुझं पत्र मिळालं. ओरवाल ३-१ जिंकलं! मी किचनमध्ये एवढ्या जोरात ओरडले की आईच्या हातातलं लाटणं पडलं. शार्दूलदादा म्हणाला, घरात राहते ती मुकी मुलगी कुठे गेली.

आता माझी न्यूज. मंगळवारी मी लायब्ररीत जाते ना, तिथे पॉलीन म्हणून बाई आहे. मी कोणाशी बोलत नाही, नुसती बसते. तिने माझी ओरवालची वही बघितली, तुझ्या पत्रांतल्या मॅच मी उतरवते ती. जुलैत बायकांची फुटबॉलची युरो आहे, म्हणून ते डिस्प्ले लावतायत, आणि तिला माझी वही हवीय! सहा सीझन, सहा बोर्ड. फ्रान्समधल्या छोट्या गावातला क्लब इथे कोणालाच माहीत नाही, तेच मस्त आहे म्हणाली.

मी असं लिहिलंय. २०१९-२०: मी अकरा वर्षांची, तुझ्याकडे आले होते, आपण दोघी पावसात बघत होतो, ओरवाल १-४ हरलं आणि तू तरी टाळ्या वाजवल्यास. मार्चपासून कोविड, सगळं बंद. २०२०-२१: चारच मॅच, परत बंद. तू कार्डावर 'आज मॅच नाही' एवढंच लिहून पाठवायचीस. २०२१-२२: आपण वरच्या डिव्हिजनमध्ये! २०२२-२३: पोरी सोडून गेल्या, परत खाली. २०२३-२४: नवीन पोरी, तिसरा नंबर. आणि हा सहावा. शेवटची मॅच जिंकली की परत वर.

तुझा नियम मी अजून पाळतेय हं. नेटवर बघायचं नाही, पत्र येईपर्यंत थांबायचं. दादा चिडवतो की दोन सेकंदांत कळेल. मी त्याला फोन खाली ठेवायला लावते.

शेवटच्या मॅचचं सगळं लिही. आणि टीमचा एक फोटो पाठव ना, सहाव्या बोर्डासाठी.

लोभ आहे तेवढा पुरे, पण पत्र मोठं हवं.
तुझी अक्षया

*

ओरवाल, १३ मे २०२५

चि. अक्षयाबाई लायब्ररीवाल्या, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दवाखान्यात नेऊन दुपारच्या सुट्टीत दोनदा वाचलं. आमचे डेंटिस्ट विचारत होते, एवढं काय हसताय. भाचीचं प्रदर्शन आहे म्हटलं.

तर ऐक. २-१. इनेसचे दोन्ही गोल, दुसरा डोक्याने. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली. आपली सोलेन गोलमध्ये अशी उभी, जणू बसची वाट बघतेय. मग डावीकडे झेप, आणि बोटांच्या टोकांनी बॉल बाहेर. आपण वर गेलो गं! खेळाडूंच्या आया मैदानात धावल्या, एकीची चप्पल तिथेच राहिली.

फोटोचं मात्र जमलं नाही, फोन नेमका घरी विसरले होते. क्लबला लिहायच्या भानगडीत पडू नकोस. सेक्रेटरी म्हातारे आहेत, कोणालाच उत्तर देत नाहीत. तू चित्र काढ की, छान काढतेस.

तुझ्या आईला सांग, देवयानीचं लोणचं पोचलं. तू जेवतेस ना नीट?

माया आहेच, ती काय लिहायची.
उल्कामावशी

*

लेस्टर, १ जून २०२५

ती. मावशी, सा.न.

वि.वि. आपण वर! मी तो परिच्छेद आईला वाचून दाखवला, मग दादाला, मग परत आईला. चप्पल मी बोर्डावर काढलीय, लाल रंगाची. लाल नसली तर सांग.

रागवू नकोस, पण क्लबला पत्र गेलं. तुझं यायच्या आधीच पॉलीनने आणि मी लिहिलं. मी फोटो मागितलाय आणि शेवटच्या दोन सीझनच्या टीमची नावं. फ्रेंच फोनने केलं, म्हणजे म्हाताऱ्यांना हसायला येईल.

आता खरी गोष्ट. चौदा तारखेला ओपनिंग आहे आणि मी बोलणारे. दोन मिनिटं, उभं राहून. तुला माहितीये शाळेत काय व्हायचं. टीचरने नाव घेतलं की आवाज आतच राहायचा, मागची पोरं घड्याळ लावून बघायची मी किती वेळ गप्प राहते ते. शेवटी मी जायचंच बंद केलं. मिठाईच्या दुकानात मागे बसून बॉक्स भरते ते बरं, बर्फी काही विचारत नाही.

पण हे येईल मला. हे मला पाठ आहे, आणि हे माझं आहे. मी रोज न्हाणीघरात सोलेनची पेनल्टी सांगते.

आशीर्वाद जरा जास्त पाठव या वेळी.
तुझी अक्षया

*

ओरवाल, ९ जून २०२५

चि. अक्षया, खूप आशीर्वाद.

घाईत लिहितेय, एक्सप्रेस पोस्टाने टाकतेय. तुझ्या बोलण्याचं वाचून डोळे भरले. एक ऐकशील माझं? चारच बोर्ड लाव. शेवटचे दोन नकोत. सहा म्हणजे फार गर्दी होते, लोक वाचत नाहीत. कोविडचं सांग, आपण वर गेलो त्या वर्षाचं सांग, ते छान आहे. पेनल्टीचं नको.

मावशीचं एवढं ऐक.
उल्का

*

लेस्टर, २० जून २०२५

मावशी,

नमस्कार लिहिला नाहीये. विसरले नाहीये.

तुझं पत्र शुक्रवारी आलं, ओपनिंगच्या आदल्या दिवशी. मला वाटलं तुला माझी काळजी वाटते. मी सगळे सहा लावले.

मी बोलले. तीस लोक होते. आवाज आला. मी पेनल्टी सांगितली, हात कसा गेला ते करून दाखवलं. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. दादा मागे उभा राहून रडत होता, नंतर म्हणाला ॲलर्जी आहे. आईने पॉलीनला मिठीच मारली.

सोमवारी क्लबचं पत्र आलं. म्हातारे उत्तर देतात, मावशी. दोन पानं, सुंदर अक्षर. मी फोनने तीनदा ट्रान्सलेट करून बघितलं, मला वाटलं फोन चुकतोय. त्यांनी लिहिलंय, बायकांची टीम जून २०२३ मध्ये बंद झाली. अकरा जणी होत नव्हत्या. शेवटच्या मॅचला नऊच होत्या, ०-७ हरल्या. इनेसचं लग्न झालं, सोलेन दुसऱ्या गावाला गेली. आजोबांनी अगदी नम्रपणे विचारलंय, मी दुसऱ्या कुठल्या ओरवालबद्दल विचारतेय का.

त्या ०-७ चं तू मला ०-२ लिहिलं होतंस. वही उघडून बघितलं. म्हणजे टीम होती तेव्हापासूनच तू चालू केलंस.

नेटवर बघायचं नाही हा नियम तुझा होता. मी पाळला आणि तू तो वापरलास. दादाला मी फोन खाली ठेवायला लावायचे! तो आता काहीच चिडवत नाही, ते जास्त वाईट आहे.

आणि कोविडमध्ये तू 'आज मॅच नाही' लिहायचीस. तेव्हा मी मेले नव्हते ना?

एवढ्या वर्षांनी मी लोकांसमोर तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते खोटं होतं. तुझं खोटं, माझ्या तोंडून. पोरं घड्याळ लावायची ना, ती बरी होती. त्यांनी मला कधी काही लिहून नाही पाठवलं.

अक्षया

*

ओरवाल, २९ जून २०२५

अक्षया,

आशीर्वाद तू घेशील की नाही माहीत नाही, म्हणून इथे लिहीत नाही. मनात आहे.

सगळं खरं आहे. म्हणजे तू लिहिलंस ते.

त्या जूनमध्ये देवयानीचा फोन आला होता. म्हणाली, अक्षयाने शाळा सोडली, खोलीचं दार लावून घेते, जेवत नाही, फक्त पोस्टमन आला की खाली येते. त्याच आठवड्यात इथे टीम बंद झाल्याची चिठ्ठी मैदानाच्या गेटवर लावली होती. ती वाचून मी घरी आले. सप्टेंबर उजाडला, तू विचारलंस पहिली मॅच कधी. मी एक मॅच लिहिली. एकच लिहायची होती. मग पुढचा रविवार आला.

हरवायला हात धजेना म्हणून मी त्यांना जिंकवत गेले. रविवारी टेबलाशी बसून विचार करायचे, आज कोण गोल करेल. मलाही ते आवडायला लागलं होतं, हेही सांगते, नाहीतर परत अर्धंच सांगितल्यासारखं होईल. प्रदर्शनाच्या आधी दोनदा फोन हातात घेतला. तुझ्या आवाजाची भीती वाटली.

मला वाटायचं मी तुला सांभाळतेय. मी तुला दुबळी समजत होते, आणि ते तुझ्यापर्यंत पोचलंय. माफी मागते. तुझी माफी मागावी एवढी मोठी आहेस तू.

हवं तर लिही, हवं तर नको.
मावशी

*

लेस्टर, १३ जुलै २०२५

ती. मावशी,

'ती.' आईने लिहायला लावलंय. ती तुझ्याशी फोनवर भांडली ते मला भिंतीतून ऐकू आलं. तिलाही माहीत नव्हतं, त्यामुळे निदान घरात कोणी सामील नव्हतं.

मी लायब्ररीत जाऊन पॉलीनला सगळं सांगितलं. तोंडाने सांगितलं, कागद दिला नाही. ती म्हणाली, दोन बोर्ड गुपचूप काढून टाकू, कोणाच्या लक्षात येणार नाही. मी नाही म्हटलं. तिथे आता एक कार्ड आहे: 'या दोन वर्षांत ओरवालमध्ये बायकांची टीम नव्हती. आधी इथे लिहिलं होतं ते खरं नाही. मी तपासलं नाही. — अक्षया.' एका बाईने विचारलं, तुला कोणी सांगितलं होतं? मी तुझं नाव घेतलं नाही. तुझ्यासाठी नाही. मला ते घ्यायचं नव्हतं.

तू माफी मागितलीस ती वाचली. ती कुठे ठेवायची मला अजून कळत नाहीये. 'आवडायला लागलं होतं' हे मात्र बरं केलंस लिहून. तुझ्या पत्रातलं तेवढंच मी दोनदा वाचलं.

क्लबच्या आजोबांनी जुन्या रजिस्टरच्या झेरॉक्स पाठवल्यात. टीम कुणाला तरी आठवते म्हणून त्यांना आनंद झालाय. मी शेवटच्या सीझनपासून मागे मागे जातेय, तुझं पत्र एका हातात, रजिस्टर दुसऱ्या हातात. २०२२-२३ झालं. बावीस मॅचपैकी तुझे नऊ स्कोअर चुकीचे. सगळे थोडे थोडे गोड केलेले. दोन वेळा तू पाऊसपण काढून टाकलायस.

आता २०२१-२२ चा गठ्ठा आहे. आपण वर गेलो ते वर्ष. चार दिवस तो टेबलावर पडलाय, मी त्यावर चहाचा कप ठेवते. खरंच गेलो होतो का, हे आजोबांना पत्रातून विचारता आलं असतं, तुलाही. पण तू 'खरंच गेलो होतो' लिहिलंस तरी मला ते वाचून काही कळणार नाही, हे तुला माहितीये.

उद्या सकाळी दुकानात जायच्या आधी उघडणार आहे. इथून तिथे पत्राला आठ दिवस लागतात. तू हे वाचशील तेव्हा मला माहीत झालेलं असेल.

अक्षया