बांधून ठेवलेली नाव

मी, सोनबा विठू भोई, वय वर्षे चौसष्ट, धंदा पूर्वी नाव चालविणे, हल्ली काही नाही, राहणार मौजे रांजणवडी, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. मराठी चौथी पास आहे. अक्षर वाकडे असले तरी लागते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला भोसरीच्या डॉक्टरांकडून घेतला आहे, तो सोबत टाचला आहे. हे लिखाण कोणाच्या दडपणाखाली झाले असे पुढे कोणी म्हणू नये. मजवर दडपण आहे, पण ते न लिहिण्याचे आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आताच करण्याचे कारण असे की, येत्या रविवारी, तारीख १६ रोजी, आमचे गाव मानमोडीच्या साथीतून वाचल्याला चाळीस वर्षे झाली म्हणून सोहळा आहे. गावचा इतिहास वाचून दाखविणार, नदीच्या उतारावर दगड बसविणार, आणि ज्याने नाव बांधून ठेवली म्हणून गाव वाचले त्या नावाड्याचा सत्कार करणार. तो नावाडी मी.

कलम १. माझे दोन खणांचे कौलारू घर, मागील परड्यासह, माझी भाची गोजाबाई हिला द्यावे. गोजाबाई ही माझी थोरली बहीण कैलासवासी सोजराबाई हिची मुलगी. वय चव्वेचाळीस, विधवा, भोसरीत भाड्याच्या खोलीत राहते व रस्त्याच्या कामावर खडी फोडते. मला मूलबाळ नाही. बायको मंजुळाबाई सात वर्षांपूर्वी वारली. घराच्या पूर्वेस पाटलांचा गोठा आहे. गोठ्याचे पाणी त्यांनी माझ्या भिंतीखाली सोडले आहे, ते बंद करा म्हणून मी तीस वर्षे सांगतो आहे. गोजाबाईने विनंती करू नये, थेट कचेरीत अर्ज द्यावा. मी विनंत्या करीत बसलो, ती चूक झाली.

मात्र घराचा ताबा घेण्यापूर्वी तिने कलम ४ वाचावे. वाचून घर नको वाटले तर तिला कोणी आग्रह करू नये.

कलम २. टपाल खात्यातील शिल्लक तिलाच. यावर लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. माझे लाकूड तासायचे वाकस, दोन पटाशा, करवत आणि डांबराची लोखंडी कढई ही उतारावर दगड घडविणाऱ्या पाथरवटाला द्यावी. त्याच्या धंद्याला ती उपयोगी नाहीत, तरी द्यावी. या गावात गेल्या महिन्याभरात मजशी खरे बोललेला तो एकटा आहे.

गेल्या सोमवारी मी सहज उतारावर गेलो होतो. दगड उताणा पडला होता, अक्षरे जवळजवळ पुरी झाली होती. वर कै. मारुतराव पाटील यांचे नाव. ते साथीच्या वेळी गावचे पाटील होते. खाली माझे नाव, आणि त्याच्या आधीही 'कै.' कोरलेले. मला वाटले डोळ्यांनी दगा दिला, म्हणून बोट फिरवून पाहिले. पाथरवट म्हणाला, "बाबा, मी इचारलं हुतं. सरपंच म्हनले, लिवून दिलंय तसं कोर."

सरपंच म्हणजे बबनराव, मारुतरावांचे चिरंजीव. मी त्यांच्याकडे गेलो. ते अंगणात दाढी करून घेत होते. म्हणाले, "सोनबाकाका, दगड काय दोनदा कोरायचा का? आज ना उद्या लागंलच की ते." न्हावी हसला. बबनराव हसले नाहीत.

येथे नमूद करतो की, त्याच्या आधी पंधरा दिवस मी बबनरावांना सांगितले होते की, सत्काराला उत्तर म्हणून मी चार शब्द बोलणार आहे, आणि काय बोलणार तेही सांगितले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. सोहळ्याला पुण्याहून मोठे पाहुणे येणार आहेत, आणि बबनरावांना पुढच्या निवडणुकीत उभे राहायचे आहे, हे मला ठाऊक आहे. ते म्हणाले, "भाषण मास्तर लिवत्यात. तुमी हार घ्यायचा अन् खाली बसायचं."

"अन् मी बोललोच तर?"

"काका, या वयात पाय घसरतो मान्साचा. काठाला शेवाळ लई हाय."

त्यानंतर कार्यक्रमात एक बाब वाढली. सत्कारापूर्वी मला फेटा बांधून, माझ्या जुन्या नावेत एकट्याला बसवून, ती फुलांनी सजवून मधल्या धारेपर्यंत सोडायची, आणि काठावरून लोकांनी टाळ्या वाजवायच्या. जुना नावाडी पाहुण्यांना दिसावा म्हणून. नाव दोन वर्षांत पाण्यात गेलेली नाही. मी परवा ती उलटी करून पाहिली. तळाच्या फळ्यांना ओळीने सहा भोके पाडलेली, त्यांत मेण भरलेले, वरून ताजे डांबर फासलेले. डांबर मी फासलेले नाही. नावेखाली गवतात भोके पाडायचे एक गिरमिट सापडले. ते माझे नाही. माझ्या हत्यारांत धरू नये. ज्याचे असेल त्याने इंदुताईंकडून घेऊन जावे. इंदुताई या भोसरीच्या दवाखान्यात परिचारिका आहेत आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांच्याकडे देतो.

कलम ४. आता नावेविषयी. ती गावाला देऊ नये, शाळेत किंवा चावडीत ठेवू नये. तिच्या फळ्या काढून त्यांवर मला जाळावे, आणि ते पलीकडच्या काठावर. कारण लिहितो. हे गोजाबाईसाठी आहे, बाकीच्यांनी ऐकले तरी हरकत नाही.

सन १९१८ च्या आश्विनात मानमोडी आली. नदीपलीकडची गावे आधी लागली. मारुतराव पाटलांनी चावडीवर हुकूम केला की, नाव अलीकडे बांधून ठेवायची, पलीकडचे माणूस एकही आणायचे नाही. मी चोवीस वर्षांचा होतो. हुकूम वाईट होता असे मी आजही म्हणत नाही. आमच्या गावात दोनच माणसे गेली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी पलीकडून हाक आली. माझी बहीण सोजरा, तिचा नवरा ज्योतीराम आणि चार वर्षांची गोजा. सोजराला ताप होता. तिला अलीकडे आणून बैलगाडीने पुण्याच्या इस्पितळात न्यायचे, असे त्यांच्या मनात होते. दुसरी वाट लांबची होती, तिच्याने चालवत नव्हते. ती ओरडून सांगत होती, "सोनबा, म्या तोंड झाकून बसंन. गावात पाऊल टाकनार न्हाई. नाव आन." दिवसभर सांगत होती. दुसऱ्या दिवशीही. मी नावेजवळ बसून होतो. गावाने मला तिथे राखणीला बसविले होते, भाकरी तिथेच येत होती. मी ती खात होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ज्योतीराम पाण्यात उतरला. पाणी ओढीचे होते, पण तो पोहून आला. त्याला ताप नव्हता, हे मी जवळून पाहिले. त्याने नावेच्या काठाला धरले आणि म्हणाला, "सोनबा, तू येऊ नगंस. नाव तेवढी दे, मीच नेतो अन् मीच आनतो." काठावर तीसेक माणसे जमली होती. मारुतराव माझ्या मागे उभे होते. ते म्हणाले, "हाण."

मी वल्ह्याने त्याच्या बोटांवर हाणले. त्याने एक हात सोडला, दुसरा सोडला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मग मी डोक्यात हाणले. हे दुसरे मला कोणी सांगितले नव्हते.

तो पाण्याखाली गेला तो खालच्या वळणावर निघाला. गावाने ठरविले की तो दमून बुडाला. पाटलांनी तसेच लिहून पाठविले. पलीकडून सोजराने सगळे पाहिले होते. त्यानंतर तिची हाक आली नाही. मी वाट पाहत होतो, हाक आली तर या वेळी नाव सोडायची असे ठरविलेही होते. हाक आली नाही. पाचव्या दिवशी कोणाला न विचारता गेलो तेव्हा ती करंजाच्या झाडाखाली मरून पडली होती. पोर जवळ नव्हते. एका धनगराने उचलून चऱ्होलीला नेले होते, तिथेच ती वाढली. तिचे लग्न मी लावले, लुगडे-चोळी केली, दर दिवाळीला गेलो. लोक म्हणत, मामा असावा तर असा.

मंजुळाबाईने मला विचारले होते की, झोपेत तुम्ही कोणाला सोड सोड म्हणता. मी सांगितले, मासा.

गोजा, तुझा बाप औषध आणायला निघाला आणि बुडाला असे तुला सांगितले गेले. तो बुडाला नाही. त्याला मी मारले.

कलम ५. रविवारी मला ओवाळण्यासाठी गोजाबाईला बोलावले आहे. विधवेने ओवाळण्याची ही नवी कल्पना बबनरावांची. ती गेल्या आठवड्यात येऊन म्हणाली, "मामा, माज्या बापाला पान्यानं न्हेलं अन् तुमी त्याच पान्यावर गाव राखलं. तुमास्नी ओवाळताना मला बरं वाटंल." मी तिला तेव्हाच सांगायला हवे होते. तोंड उघडले, आणि चहा घेणार का विचारले. म्हणून हे कागदावर.

कलम ६. रविवारी मी उतारावर जाणार आहे. नावेत बसणार नाही, दगडाच्या चौथऱ्यावर उभा राहून वरील मजकूर सांगणार आहे. त्याआधी किंवा त्या दिवशी मला काही झाले, तर इंदुताईंनी हा कागद पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचावा. मला उत्तम पोहता येते हे येथे नमूद करतो. मी दारू पीत नाही. मला चक्कर येत नाही. जिवाला कंटाळलेलो नाही, पुढच्या महिन्यात घराची कौले चाळायची आहेत.

कलम ७. मारुतरावांविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांनी एकदाच सांगितले होते. काठावरच्या तीस जणांपैकी चार जण हयात आहेत, त्यांची नावे लिहीत नाही. त्यांनी रविवारी पुढच्या रांगेत बसू नये, एवढीच विनंती.

साक्षीदारांविषयी शेरा: पहिली साक्ष इंदुताईंनी मजकूर वाचून देण्याचे कबूल केले. दुसऱ्या साक्षीसाठी माझे बालमित्र आबाजी यांना बोलावले होते. त्यांनी सर्व कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सोनबा, समदं खरं हाय. म्हनूनच मी सही करत न्हाई. मला याच गावात मरायचंय." ते मागच्या दाराने गेले.

तेव्हा इंदुताईंनी माझ्या घराशेजारच्या खोलीत बिऱ्हाड करून राहणारे लिंबाजी गंगाराम काळदाते, मूळचे परांड्याकडचे, हल्ली पिंपरीस कारखान्याच्या बांधकामावर कामाला, यांना हाक मारली. ते पुढच्या दाराने आले. मी त्यांना म्हटले, "भाऊ, आधी वाचून घ्या. यात तुमचं काही नाही, उगीच अडकाल." त्यांनी सगळे वाचले. वेळ लागला. मग म्हणाले, "आत येताना सरपंचाच्या दोघा मानसांनी आडवलं. मला नाव इचारलं, गाव इचारलं, मी सांगितलं. आता माझं नाव त्यांच्याकडं हायेच. कुठं करू सही?"

येणेप्रमाणे मृत्युपत्र वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: सोनबा विठू भोई

साक्षीदार:
१. इंदुताई रामचंद्र लोणकर, परिचारिका, भोसरी
२. लिंबाजी गंगाराम काळदाते, मजूर

मुक्काम रांजणवडी
कार्तिक शुद्ध द्वितीया, शके १८८०, गुरुवार, तारीख १३ नोव्हेंबर १९५८